टोकियोचं कर्ज, म्हातार्डीची जमीन

बुलेट ट्रेनचं ठाणे स्थानक ठाणे शहरात नाही, दिव्याजवळच्या म्हातार्डीत होणार आहे. शीळ, देसाई, आगासन, बेतवडे अशा आगरी गावांतून ही गाडी जाणार आहे. मूळ अंदाजित खर्चाचा ८१ टक्के वाटा 'जायका' या जपानच्या सरकारी मदतसंस्थेचं कर्ज, व्याज ०.१ टक्का, फेड ५० वर्षांत. परक्या सरकारच्या अशा पैशावर इथल्या गावकऱ्याचं काही चालतं का, हे पाहायला आधी नर्मदेकडे जावं लागतं.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात आपल्या अक्कलकुवा-धडगावची गावं बुडणार होती आणि धरणाच्या टर्बाइनना जपानची मदत होती. एप्रिल १९९० मध्ये 'फ्रेंड्स ऑफ द अर्थ' या पर्यावरण संघटनेच्या जपानी कार्यकर्त्यांनी टोकियोत नर्मदेवर परिषद भरवली. महिनाभरातच जपानने पुढची मदत थांबवली. जागतिक बँक बाहेर पडली ती मार्च १९९३ मध्ये, तीही बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल आल्यावर. माझ्या मते जपानचा निर्णय झटपट फिरला, कारण जाब विचारणारे त्यांचेच करदाते होते. पुढे २००२ मध्ये जपानने कर्जासाठी पर्यावरण आणि पुनर्वसनाचे नियम केले, तेव्हा स्वयंसेवी संस्थाही चर्चेला बसल्या होत्या. जायकाचे २०१० चे नियम त्याच वाटेवरचे: बाधितांशी बोला, हरकती ऐका.

१४ सप्टेंबर २०१७ ला साबरमतीत बुलेट ट्रेनची पायाभरणी झाली. पंधराच दिवसांनी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. 'आधी लोकल सुधारा' हा सूर तेव्हापासून कल्याण-डोंबिवलीच्या डब्यांतून हटलेला नाही. पालघरच्या आदिवासी संघटना २०१८ मध्ये रस्त्यावर उतरल्या. गुजरातच्या शेतकऱ्यांनी थेट जायकाला लिहिलं, की आम्हाला कुणी विचारलंच नाही. डिसेंबरमध्ये जायकाची माणसं त्यांना येऊन भेटली. एवढं झालं तेही नियमांमुळेच. कर्ज मात्र थांबलं नाही. नर्मदेवर जपानचे फक्त टर्बाइन होते; इथे त्याला शिंकान्सेन, म्हणजे आपली अख्खी बुलेट ट्रेन, विकायची होती.

ठाण्याच्या पदरात त्यामानाने बरंच पडलं. पर्यावरण मंजुरीच्या अटींमुळे स्थानकाचा आराखडा बदलला, वाहनतळ खारफुटीबाहेर गेला. राज्यातल्या सगळ्या मार्गावर तोडायच्या खारफुटीचा आकडा आधी ५३ हजारांवर होता; डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली ती सुमारे २२ हजारांना. डिसेंबर २०२० मध्ये शीळची जागा देण्याचा प्रस्ताव महापालिकेने नामंजूर केला होता. त्यात जनमत किती आणि शिवसेना-भाजपचं भांडण किती, हे ठाणेकरांना सांगायला नको. पुढे राज्यातलं सरकार बदललं आणि राज्यातल्या उरलेल्या जमिनीचं घोडं पुढे सरकलं.

लोकलचा प्रवासी या सगळ्यात कुठेच बसत नाही. जायकाचे नियम जमीन जाणाऱ्याची हरकत ऐकतात. हा पैसा दुसऱ्या कामाला लावा म्हणणाऱ्यासाठी त्यांत रकाना नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून प्रवासी मेले, तेव्हा तोच वाद पुन्हा निघाला. पण कोणत्या कामासाठी कर्ज मागायचं हे टोकियो ठरवत नाही, दिल्ली ठरवते. त्या टप्प्यावर प्रवासी संघटनांना बोलावण्याची पद्धत अजून पडलेली नाही.