मावळ तालुक्यातील जमीनखरेदी आणि भाडेव्यवहार

मावळ हा पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुका असून त्याचे मुख्यालय वडगाव येथे आहे. लोणावळा-खंडाळा परिसरात मुंबई व पुण्याच्या रहिवाशांची दुसरी घरे व बंगले पूर्वीपासून आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झाल्यानंतर आसपासच्या खेड्यांतील शेतजमिनींनाही मागणी वाढली. येथील बहुतेक वाद किमतीवरून नव्हे, तर जमिनीच्या हक्कावरून उद्भवतात.

== जमिनीचा हक्क ==
महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948 च्या कलम 63 नुसार बिगरशेतकरी व्यक्तीस जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना शेतजमीन विकत घेता येत नाही. विकास आराखड्यात निवासी वा अन्य बिगरशेती वापरासाठी दाखविलेल्या जमिनींबाबत काही अपवाद आहेत. नियमबाह्य व्यवहार अवैध ठरल्यास जमीन शासनाकडे जाऊ शकते. विक्रेत्याला दिलेले पैसे मात्र खरेदीदाराला स्वतःच वसूल करावे लागतात.

सातबारा उताऱ्यावर मालकाच्या नावाइतकाच ‘इतर हक्क’ हा रकाना महत्त्वाचा असतो. कुळांची नावे, बँकेचा वा सोसायटीचा बोजा आणि हस्तांतरणावरील निर्बंध यांच्या नोंदी तेथे आढळतात. भोगवटादार वर्ग 2 च्या जमिनीच्या विक्रीस सर्वसाधारणपणे पूर्वपरवानगी लागते. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीबाबत कलम 43 ची अट असते. खरेदी प्रमाणपत्रास दहा वर्षे झाली असल्यास आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरून ती विकता येते. मावळात ठाकर, कातकरी व महादेव कोळी समाजांची वस्ती आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीस शासनाच्या मान्यतेविना विकता येत नाही. केवळ ताबा घेऊन वा साठेखत करून ही अट टळत नाही.

सातबारा व फेरफार हे मुख्यतः महसुली अभिलेख आहेत. त्यांवरील नावामुळे मालकी निर्माण होत नाही. म्हणून जुने फेरफार, खरेदीखते आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक 2 पाहून मालकीची साखळी जुळवावी लागते. वडिलोपार्जित जमिनीत बहिणींची नावे वगळलेली असणे हा नेहमीचा दोष होय. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या ‘विक्री’ने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले.

== गुंठेवारी व बांधकाम ==
एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. एक-दोन गुंठ्यांच्या ‘फार्म प्लॉट’च्या जाहिराती आकर्षक असतात, परंतु तुकडेबंदी कायदा, 1947 प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याच्या विक्रीस आळा घालतो. त्यात वेळोवेळी सवलती दिल्या गेल्या असल्या, तरी सामाईक सातबाऱ्यावर नाव लागणे म्हणजे स्वतंत्र भूखंड मिळणे नव्हे. 500 चौरस मीटरहून मोठ्या क्षेत्रावरील भूखंड-प्रकल्पास सामान्यतः महारेराची नोंदणी आवश्यक असते. कार्ले व भाजे लेणी, लोहगड आणि विसापूर या केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई आहे. त्यापुढील 200 मीटरमध्ये परवानगी लागते.

== घर भाड्याने देणे ==
महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार वा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदविलेला नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून कलम 24 अन्वये दुप्पट दराने भरपाई मागता येते.