विजेच्या गाडीचा चुंबक

शेलार गांवांतून जातांना यंत्रमागांचा खडखडाट कानीं पडतो, आणि त्याच रस्त्यानें एखादी विजेची दुचाकी निःशब्द निघून जाते. दोन्ही विजेवरच चालतात; परंतु दोहोंच्या मोटारींत एक मोठा भेद आहे. तो आमच्या विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

यंत्रमागाच्या मोटारींत कायमचा चुंबक नसतो. तिच्या स्थिर भागांतील तारांच्या वेटोळ्यांतून वीज वाहूं लागली म्हणजे फिरतें चुंबकक्षेत्र निर्माण होतें. त्यायोगें आंतील भागांत वीज उत्पन्न होऊन तो फिरूं लागतो. दुचाकीच्या मोटारींत मात्र फिरत्या भागावर बहुधा कायमचे चुंबक बसविलेले असतात. त्यांच्या चुंबकत्वासाठीं वीज खर्चावी लागत नाहीं. म्हणून मोटार लहान, हलकी व काटकसरी होते.

हा चुंबक निओडिमियम, लोखंड व बोरॉन ह्यांचा असतो. जपानांत मासातो सागावा व अमेरिकेंत जॉन क्रोट ह्यांनीं १९८४ च्या सुमारास तो स्वतंत्रपणें सिद्ध केला. उष्णतेनें त्याची शक्ति जाऊं नये म्हणून त्यांत थोडें डिस्प्रोशियम मिसळतात. अडचण येथेंच आहे. असे बहुतेक चुंबक चीनमध्यें तयार होतात. आणि एप्रिल २०२५ मध्यें चीननें डिस्प्रोशियमसह सात धातु व त्यांचे चुंबक ह्यांच्या निर्यातीस परवान्याची अट घातली. त्यामुळें त्याच वर्षीं जुलै महिन्यांत पुण्याच्या बजाज ऑटोच्या ‘चेतक’ दुचाकींचें उत्पादन बरेंच घटलें. चार बोटांएवढ्या वस्तूवांचून सबंध गाडी अडून राहिली!

मग ह्यावर उपाय कोणते? पहिला, डिस्प्रोशियम वगळून निओडिमियमचाच चुंबक वापरणें. बजाजनें हीच वाट धरली. परंतु अशी मोटार फार तापूं देतां येत नाहीं. दुसरा उपाय फेराइटचा. ध्वनिक्षेपकाच्या पाठीमागें जी काळी, जड चकती असते, तीच ही. लोखंडाचा ऑक्साइड व स्ट्राँशियम ह्यांपासून ती होते. ती स्वस्त असते व गंजत नाहीं. परंतु तिच्यांत सांठणारी चुंबकीय ऊर्जा निओडिमियमच्या चुंबकाच्या सुमारें एकदशांशच असते. म्हणून तेवढ्याच कामास मोटार मोठी व जड करावी लागते. लोह-नायट्राइड आणि मँगनीज-बिस्मथ ह्यांचे चुंबक करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. शेवटचा उपाय म्हणजे कायमचा चुंबकच नको! २००८ सालीं निघालेल्या टेस्लाच्या पहिल्या गाडींत यंत्रमागाच्याच जातीची मोटार होती.

आपल्या देशांतही केरळ व ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूंत हे दुर्मिळ धातु आहेत. उणीव आहे ती वाळूंतून ते निराळे काढून त्यांचे चुंबक घडविणाऱ्या कारखान्यांची. त्यासाठीं केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२५ मध्यें ७,२८० कोटि रुपयांची योजना मंजूर केली आहे. ह्या कारखान्यांस रसायन, धातु व यंत्र जाणणारीं माणसें लागतील. घरीं मोडका ध्वनिक्षेपक पडला असेल, तर पालकांनीं तो मुलांस उघडून पाहूं द्यावा. ती काळी चकती हातीं आली, म्हणजे ह्या विद्येचा पहिला धडा सुरू झालाच, असें आम्ही समजतों.