हस्तलिखितांच्या नोंदींकरितां खुणांची समाईक पद्धति

१. प्रयोजन

जुन्या कागदपत्रांच्या व पोथ्यांच्या याद्या आतां बऱ्याच ठिकाणीं संगणकावर होतात. परंतु एका संग्रहाची यादी तक्त्यांच्या आज्ञावलींत असते, दुसऱ्याची साध्या लेखनाच्या आज्ञावलींत असते, आणि तिसऱ्यानें आपल्यापुरती निराळीच व्यवस्था केलेली असते. एकाच्या नोंदी दुसऱ्यास घ्यावयाच्या झाल्यास त्या पुष्कळदां हातानें उतराव्या लागतात. आणि उतरतांना मूळ कागदावरील अक्षर कोणतें व संपादकाची भर कोणती, हा भेद नाहींसा होतो. तो एकदां गेला म्हणजे मूळ कागद पुन्हां पाहिल्यावांचून परत मिळत नाहीं. आणि मूळ कागद कसरीनें खाल्ला असल्यास मुळींच मिळत नाहीं.

छापील ग्रंथांतही हीच अडचण आहे. चौकटी कंस एक संपादक फाटलेल्या जागीं तर्कानें घातलेल्या अक्षरांस लावतो, दुसरा संक्षेपाच्या विस्तारास, तर तिसरा स्वतःच्या टीपेस. वाचक प्रस्तावना पाहून अर्थ लावूं शकतो. यंत्रास तें साधत नाहीं. सबब यंत्रासही कळेल अशी खुणांची जी पद्धति प्रचारांत आहे, तिचें स्वरूप येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

२. पद्धतीचें स्वरूप

या पद्धतीस एक्सएमएल म्हणतात. तिचें मूळ १९६९ मध्यें आयबीएम कंपनींत गोल्डफार्ब, मोशर व लॉरी या त्रयीनें केलेल्या योजनेंत आहे. तीच वाढून १९८६ त एसजीएमएल या नांवानें आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली; आणि तिचेंच सुटसुटीत रूप फेब्रुवारी १९९८ मध्यें एक्सएमएल म्हणून मान्य झालें. तत्त्व एकच: मजकूर कसा दिसावा हें न लिहितां तो काय आहे हें लिहावें. शब्द ठळक करूं नये. तो व्यक्तीचें नांव आहे असें नमूद करावें. ठळक छापणें, सूचींत घेणें किंवा नकाशावर दाखविणें हें पुढें ज्या त्या आज्ञावलीचें काम.

नियम थोडेच आहेत. प्रत्येक खूण कोनी कंसांत लिहावी. जी उघडली ती मिटावी. आणि आंतली खूण बाहेरच्या खुणेच्या आधीं मिटावी. यांत चूक असल्यास वाचणारी आज्ञावली तेथेंच थांबते. सर्व मजकूर साध्या अक्षरांत राहत असल्यामुळें, ज्या आज्ञावलींत तो लिहिला ती बंद पडली तरी तो वाचतां येतो.

परंतु एक्सएमएल हें केवळ खुणांचें व्याकरण होय; खुणांचीं नांवें आपसांत ठरवावीं लागतात. जुन्या ग्रंथांपुरतें तें काम टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह या संस्थेनें केलें आहे. नोव्हेंबर १९८७ मध्यें न्यूयॉर्क राज्यांतील पोकीप्सी येथें व्हासार कॉलेजांत भरलेल्या बैठकींतून ही चळवळ निघाली. तिच्या नियमावलीची पांचवी आवृत्ति २००७ सालीं निघाली व तिच्यांत पुढेंही सुधारणा होत गेल्या. हस्तलिखितांच्या वर्णनास तींत स्वतंत्र प्रकरण आहे. गांव, संग्रह व क्रमांक, आंतील विषय, कागद, शाई, आकार व हस्ताक्षर, आणि मालकीचा इतिहास, असे त्याचे मुख्य भाग आहेत.

३. उदाहरण

एखाद्या मोडी पत्रावर महिना व चंद्र न देतां नुसतें सुहूर सन दिलें आहे असें समजूं. त्याची नोंद पुढीलप्रमाणें होईल:

<दिनांक पासून="१७५४-०५" पर्यंत="१७५५-०६">सुहूर खमस खमसैन मया व अलफ</दिनांक>

मिटलेल्या दोन खुणांमधील शब्द पत्रांतील आहेत. पहिल्या खुणेच्या पोटांत आहे तें संपादकाचें गणित. खमस म्हणजे ५, खमसैन म्हणजे ५०, मया १०० व अलफ १०००, मिळून ११५५. सुहूर वर्ष मृगाच्या सूर्यापासून सुरू होतें. म्हणून त्यांत ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. यास्तव १७५४ असा एकच आंकडा लिहिणें म्हणजे पत्रानें न सांगितलेली गोष्ट त्याच्या तोंडीं घालणें होय. वरील नोंद संशयाची मर्यादाही सोबत नेते. आणि शकावली करणारी आज्ञावली हें पत्र दोन्ही इसवी सनांखालीं दाखवूं शकते.

व्यक्तिनामांचेंही तसेंच. बाळाजी बाजीराव पेशवे हे नाना, आणि बाळाजी जनार्दन फडणीस हेही नाना. मितीवांचूनच्या पत्रांत नुसतें “नाना” आलें असतां संपादकानें कोणाचा संकेत धरला, व कितपत खात्रीनें धरला, हें खुणेंत लिहितां येतें. पुढच्या संशोधकास तें मत न पटल्यास तो खूण बदलील. मूळ शब्दास धक्का लागणार नाहीं. संक्षेप व त्याचा विस्तार, लेखकूची चूक व तिची दुरुस्ती, खोडलेलें, मागाहून घातलेलें, अस्पष्ट व फाटलेलें, या सर्वांस अशाच वेगळ्या खुणा आहेत.

वरील खुणांचीं नांवें वाचकांच्या सोयीकरितां मराठींत दिलीं आहेत. प्रत्यक्ष देवघेवींत उक्त नियमावलींतील रोमन नांवें व यंत्रास उद्देशून दिलेल्या तारखांत आंतरराष्ट्रीय अंकच वापरावे. नाहीं तर दुसऱ्याची आज्ञावली त्या ओळखणार नाहीं. मूळ मजकूर मात्र देवनागरींत राहूं शकतो. आणि २०१४ पासून युनिकोडांत मोडी अक्षरांसही स्थान मिळालें असल्यामुळें मोडींतही राहूं शकतो. मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घभेद सामान्यतः पाळलेला नसल्यामुळें बालबोध नक्कल हीच अंशतः संपादकाचा निर्णय असते, हें येथें ध्यानांत ठेवावें.

४. मर्यादा

वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपतें. पण खुणा एकमेकींस छेदूं शकत नाहींत. म्हणून पान जेथें उलटतें तेथें फक्त एक रिकामी खूण ठेवतात. दुसरें असें कीं, नियमशुद्ध नोंद सत्यच असते असें नाहीं. यंत्र खूण मिटली कीं नाहीं हें पाहतें. वाचन बरोबर आहे कीं नाहीं हें पाहत नाहीं. तें काम मोडी जाणणाऱ्याचेंच आहे.

५. सूचना

संग्राहकांनीं सर्व दप्तर एकदम या पद्धतींत आणण्याचा खटाटोप करूं नये. प्रथम प्रत्येक कागदास कायमचा क्रमांक द्यावा, व तो पुन्हां दुसऱ्या कागदास देऊं नये. नंतर स्थळ, संग्रह, क्रमांक, मिती जशीच्या तशी, तिचें इसवी रूप, आणि आरंभींचे व शेवटचे शब्द एवढेंच नोंदवावें. संपूर्ण नक्कल सवडीनें करावी. एवढ्यानेंही दोन घराण्यांच्या दप्तरांत विखुरलेलीं एकाच प्रकरणाचीं पत्रें मितीवार एकत्र लावतां येतील. आणि आपण काय वाचलें व काय मानलें, हें पुढील पिढीस वेगळें करून पाहतां येईल.