नात ‘एमपीएच’ करायचे म्हणते तेव्हा

मागील पावसाळ्यातील एका संध्याकाळी रत्नागिरीतील माझ्या दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी आले. रक्तदाब मोजून झाला, गोळ्या लिहून झाल्या, तरी ते खुर्चीवरून उठेनात. “डॉक्टर, एक विचारायचे होते. तब्येतीचे नाही,” असे म्हणून त्यांनी घरातील गोष्ट सांगितली. नात फिजिओथेरपीची पदवीधर झाली होती. तिच्या दवाखान्यासाठी गुरुजींनी पडवीलगतची खोली रंगवून घेतली होती, आणि नात आता म्हणत होती की तिला एमपीएच करायचे आहे, तेही जमल्यास परदेशात. “दोन वर्षे आणखी शिकायचे आणि शेवटी रोगी तपासायचाच नाही, ही कसली विद्या? आणि त्यासाठी मी कलमांची बाग बँकेकडे तारण ठेवायची?”

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला तीन-चार घरांतून विचारला गेला आहे. आयुर्वेद, दंतवैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, क्वचित समाजकार्य किंवा संख्याशास्त्र शिकलेली मुले या पदवीकडे वळत आहेत. घरातील जमीन मात्र बहुधा आजी-आजोबांच्या नावावर असते आणि सही त्यांना करावी लागते. ज्या कागदावर सही करायची, त्यामागील शिक्षण काय आहे हे त्यांना ठाऊक असले पाहिजे, एवढ्याचसाठी हा लेख.

एमपीएच म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, सार्वजनिक आरोग्य या विषयातील पदव्युत्तर पदवी. आपल्याकडे ‘सार्वजनिक आरोग्य’ म्हटले की गटारावर पावडर मारणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. ती पावडरही त्यात येते, पण विषय मोठा आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. अशा पुराचे पाणी ओसरते तेव्हा खरी काळजी सुरू होते. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, अतिसार, काविळी. विहिरी निर्जंतुक करणे, तापाचे रुग्ण घरोघर जाऊन शोधणे, प्रतिबंधक गोळ्या नेमक्या कोणाला द्यायच्या ते ठरवणे, यांपैकी एकही काम दवाखान्यातील खुर्चीवर बसून होत नाही.

खुर्चीवर बसून काय होते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. माझ्याकडे रक्तदाबासाठी नियमित येणारे एक वृद्ध गृहस्थ होते. ते येईनासे झाले. मुलाकडे मुंबईला गेले असतील, असे मी गृहीत धरले. चार-पाच महिन्यांनी त्यांच्या वाडीतील दुसऱ्या रुग्णाकडून कळले की ते मुंबईला गेलेच नव्हते. पावसात साकवापलीकडून येणे जमेना म्हणून गोळ्या संपल्या, त्या पुन्हा घेतल्या गेल्या नाहीत, आणि पक्षाघाताने ते घरीच पडून होते. त्यांची पत्नी एकटी त्यांचे सर्व काही करीत होती. माझ्या कपाटात त्यांचा केसपेपर नीट लावलेला होता. कोण आले याची नोंद माझ्याकडे होती. कोण यायचे थांबले याची नव्हती. दवाखान्यातील डॉक्टरला आलेला रुग्ण दिसतो, न आलेला दिसत नाही. त्या न आलेल्याला शोधण्याची शिस्त एमपीएचमध्ये शिकवतात.

महाराष्ट्राला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक या पाक्षिकाच्या अनेक वाचकांच्या घरी असेल. ते आणि डॉ. राणी बंग, दोघेही नागपूरला शिकलेले एमडी. वैद्यक उत्तम येत असताना त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जाऊन १९८४ मध्ये एमपीएच केले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यापूर्वी जामखेडचे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्यही त्याच विद्यापीठात हेच शिकून आले होते आणि त्यांनी १९७० मध्ये आपला ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला.

राणीताईंनी गडचिरोलीत जे केले ते पाहण्याजोगे आहे. रुग्णालयात आलेल्या स्त्रिया मोजण्याऐवजी त्यांनी दोन गावे निवडली आणि तेथील स्त्रियांची, तक्रार असो वा नसो, तपासणी केली. ६५० पैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एखादा तरी विकार आढळला, आणि यापूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात जेमतेम आठ होत्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. उत्तम स्त्रीरोगतज्ज्ञ असूनही, केवळ दवाखान्यात बसून त्यांना हा आकडा कधीच मिळाला नसता. पुढे नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्यासाठी त्यांच्या चमूने गावातल्याच स्त्रियांना शिकवले. ३९ गावांत हा प्रयोग झाला, तुलनेसाठी ४७ गावे ठेवली गेली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. आज बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करणारी आशाताई तुम्ही पाहिली असेल. तिच्या त्या भेटीमागे हे काम आहे. तुलनेची गावे का ठेवायची, हे ज्याला कळले त्याला एमपीएचचा निम्मा अभ्यासक्रम कळला, असे मी गुरुजींना म्हणालो. ते गणित शिकवीत असत. त्यांना ते लगेच पटले.

आता प्रवेशाचे पाहू. वैद्यकीय प्रवेशासाठी जशी ‘नीट’ ही एकच देशव्यापी परीक्षा आहे, तशी एमपीएचसाठी नाही. प्रत्येक संस्थेची रीत वेगळी, आणि घरांत गोंधळ होतो तो इथेच. पात्रतेच्या दृष्टीने संस्थांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. काही ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, आरोग्यक्षेत्रातील असल्यास प्राधान्य. काही ठिकाणी ठरावीक पदव्यांची यादी असते: एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुष, परिचर्या, फिजिओथेरपी, पशुवैद्यक वगैरे. आणि काही अभ्यासक्रम केवळ एमबीबीएस झालेल्यांसाठी असतात. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेतील एमपीएच त्यांपैकी. अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी आपले मूल कोणत्या प्रकारात बसते, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावे. मागील वर्षाचे पत्रक प्रमाण मानू नये.

आपल्याला जवळची आणि नावाजलेली संस्था म्हणजे मुंबईत देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिथे सामाजिक साथरोगशास्त्र आणि आरोग्य धोरण-अर्थकारण या अंगांनी एमपीएच शिकवले जाते. पूर्वी संस्थेची स्वतःची प्रवेशपरीक्षा असे. २०२४ पासून ‘सीयूईटी-पीजी’ ही केंद्रीय परीक्षा द्यावी लागते आणि नंतर मुलाखत होते. या परीक्षेचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघतात, परीक्षा मार्चमध्ये असते. म्हणजे आंब्याच्या हंगामात मुलाला बागेत अडकवू नये, हे बागायतदार घरांनी आधीच ठरवून ठेवावे! सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातही हा अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्राबाहेर तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र, जिथे १९९७ मध्ये देशातील पहिले एमपीएच सुरू झाले; कोलकात्याची अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था, जी १९३२ पासून उभी आहे; गांधीनगरची भारतीय सार्वजनिक स्वास्थ्य संस्था.

अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा, चार सत्रांचा. पाच विषय सर्वत्र पायाभूत असतात: साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र, पर्यावरणीय आरोग्य, आरोग्यव्यवस्थेचे धोरण व व्यवस्थापन, आणि समाज व वर्तनविषयक शास्त्रे. शिवाय प्रत्यक्ष क्षेत्रकार्य आणि शेवटी प्रबंध. यांत मुले अडखळतात ती संख्याशास्त्रात. बारावीनंतर गणिताला रामराम ठोकलेल्या मुलांना ते पुन्हा हाती धरावे लागते. प्रवेशाआधीचे सहा महिने त्यावर घालवले तर पुढचे दोन वर्षे सुखाची जातात. दुसरी अडचण बोलण्याची. सर्वेक्षणाला गेलेल्या मुलाला अनोळखी घराच्या ओटीवर बसून म्हाताऱ्या माणसाचे म्हणणे न तोडता ऐकता आले पाहिजे. हे कोणत्याही प्रवेशपरीक्षेत तपासले जात नाही.

परदेशाचा विचार असेल तर हिशेब वेगळा. इंग्लंडमध्ये हा अभ्यासक्रम सहसा एका वर्षाचा असतो. अमेरिकेत किमान ४२ श्रेयांकांचा, बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा. जॉन्स हॉपकिन्सचा पूर्णवेळ अभ्यासक्रम मात्र अकरा महिन्यांत संपतो आणि त्यासाठी आरोग्यक्षेत्रातील पूर्वानुभव मागतात. अमेरिकेतील बहुतांश अर्ज ‘सोफास’ या एकाच केंद्रीय व्यवस्थेतून जातात. गुणपत्रकांचे मूल्यांकन, शिफारसपत्रे, इंग्रजीची परीक्षा आणि आपल्याला हे का शिकायचे आहे ते सांगणारे निवेदन लागते. जीआरई ही परीक्षा आता अनेक विद्यापीठांनी ऐच्छिक केली आहे किंवा काढून टाकली आहे. तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठे पुरेशी मानत नाहीत, हे बीएस्सी झालेल्यांनी ध्यानात ठेवावे. विद्यापीठाला ‘सीईपीएच’ या परिषदेची मान्यता आहे ना, हे स्वतः पाहावे. ते काम सल्लागार कचेरीवर सोडू नये, कारण काही कचेऱ्यांना विद्यापीठांकडूनच दलाली मिळते.

आणि पैसा. बँकांच्या प्रचलित शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपुढील कर्जाला सहसा तारण लागते. गुरुजींची बाग चर्चेत आली ती यामुळे. माझे मत मी त्यांना स्पष्ट सांगितले. परदेशी एमपीएचसाठी म्हातारपणीचा एकमेव आधार तारण ठेवू नये. या क्षेत्रात भारतात परतल्यावर सुरुवातीचा पगार त्या कर्जाचे हप्ते फेडण्याइतका क्वचितच असतो. शासकीय कार्यक्रमांतील अनेक जागा कंत्राटी असतात, स्वयंसेवी संस्थांच्या नोकऱ्या प्रकल्पाबरोबर संपतात. परदेशी जायचेच असेल तर शिष्यवृत्तीने जावे. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीला किमान तीन वर्षांचा आणि चिव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. म्हणजे आधी येथे शिकावे, काम करावे, मग जावे, हाच क्रम या व्यवस्थेलाही मान्य दिसतो. बंग आणि आरोळे गेले तेही आधी डॉक्टरकी करून.

आणखी एक गैरसमज. एमपीएच केल्याने रोगी तपासण्याचा किंवा औषध लिहून देण्याचा कोणताही नवा अधिकार मिळत नाही. ज्याला तो मूळ पदवीने आहे त्याचा राहतो, ज्याला नाही त्याला येत नाही. ‘लग्नपत्रिकेत नावापुढे डॉक्टर लिहिता येईल का’ असे एका घरातून मला विचारले गेले होते. एमपीएचमुळे येणार नाही.

“पण आम्हा म्हाताऱ्यांना याचा काय उपयोग?” गुरुजींनी विचारले. देवनारलाच, टाटा संस्थेच्या शेजारी, १९५६ पासून आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने २०१७-१८ मध्ये देशभरातील ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक माणसांना घरी जाऊन विचारले: दिसते कसे, चालता येते का, पडलात का, औषधे कोण आणून देतो, एकटे राहता का. वृद्धांसाठी काय करायचे हे ठरवताना अशा नोंदींखेरीज दुसरा आधार नसतो. आपल्या जिल्ह्यात तर मुले मुंबईला आणि म्हातारी माणसे गावाला, ही घरोघरची स्थिती. साकवापलीकडच्या घरात एकटी बाई नवऱ्याला कूस बदलून देत आहे, हे कोणीतरी मोजल्याशिवाय तिच्यासाठी कोणतीही योजना आखली जाणार नाही.

नात नंतर स्वतः भेटायला आली. परदेशाचा विचार तिने तूर्त बाजूला ठेवला आहे, खोलीत आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपी करते आणि मार्चमधील परीक्षेची तयारी करते. मी तिला माझे केसपेपर दिले आणि सत्तरीपुढील जे रुग्ण सहा महिन्यांत आले नाहीत त्यांची वाडीवार यादी करायला सांगितले. दोन दुपारी बसून तिने ती केली. यादी मला वाटली होती त्याहून बरीच लांब निघाली. गुरुजींनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि दोन नावांपुढे पेन्सिलीने खूण केली.

“हे दोघे गेले, डॉक्टर. एक गणपतीआधी आणि एक दिवाळीत.”

मला ठाऊक नव्हते. उरलेल्या नावांपैकी साकवापलीकडच्या घरांना येत्या रविवारी आम्ही जाणार आहोत. वाट गुरुजी दाखवणार आहेत.