रक्षकच सांध्यांवर उलटतात तेव्हा

सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात, मूठ वळत नाही, वजूसाठी नळ फिरवणंही जड जातं. घरातले म्हणतात, "वयच झालं आता." पण हा ताठरपणा तासभर टिकत असेल आणि दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर तो संधिवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असू शकतो. तो तिशी-चाळिशीतही होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दोन ते तीन पट जास्त आढळतो.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. या आजारात त्या आपल्याच शरीराला परकं समजतात. टी-पेशी इशारा देतात, बी-पेशींपासून चुकीची प्रतिपिंडं तयार होतात आणि मॅक्रोफेज पेशी टीएनएफ नावाचा पदार्थ सोडून सूज भडकवतात. सांध्याचं अस्तर जाड होऊन कूर्चा आणि हाड कुरतडू लागतं. ही हानी सहसा भरून येत नाही.

लंडनमध्ये फेल्डमन आणि मैनी या डॉक्टरांनी 1992 मध्ये टीएनएफ रोखणारं औषध रुग्णांना देऊन पाहिलं आणि सूज उतरली. आज उपचाराची सुरुवात बहुधा स्वस्त मेथोट्रेक्सेटने होते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. गरोदरपणात ती चालत नाही.

वेदनाशामक गोळीने दुखणं दबतं, पेशींचा हल्ला मात्र चालूच राहतो. म्हणून घरातल्या बाईचे हात सुजलेले दिसले, तर ती कामं उरकतेय म्हणून थांबू नका. तिला लवकर डॉक्टरांकडे न्या.