गंगावन आणि केसांचे मूळ

केशसंभाराची हौस आपल्याकडे नवी नाही. विरळ वेणी भरघोस दिसावी म्हणून तीत गंगावन गुंफण्याची रीत आपल्या आजी-पणजींना चांगली ठाऊक होती. आज त्याच गंगावनाने ‘हेअर एक्स्टेन्शन’ हे नाव धारण केले असून लग्नमंडपापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत त्याचा संचार आहे. हौस करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु परक्या केसांचा भार आपले केस कसा वाहतात आणि त्यांना तो केव्हा असह्य होतो, हे प्रत्येकीने जाणून घ्यावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम केसाची घडण पाहू. डोक्यावर दिसणारा केस निर्जीव असतो; तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा होय. सजीव असते ते त्याचे मूळ. हे मूळ त्वचेतील ज्या सूक्ष्म पिशवीत रुजलेले असते, तिला केशकूप म्हणतात. आपल्या मस्तकावर असे सुमारे १ लक्ष केशकूप असतात. प्रत्येक केस साधारणतः २ ते ६ वर्षे, महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर या गतीने वाढतो. नंतर सुमारे ३ महिने विसावा घेऊन गळतो आणि त्याच कूपातून नवा केस उगवतो. म्हणून दिवसाकाठी ५० ते १०० केस गळणे स्वाभाविकच आहे. केस गेला तरी कूप शाबूत असेल, तर केस परत येतो. कूपच नष्ट झाला, तर येत नाही. प्रस्तुत विषयाचे सारे मर्म या एका भेदात साठवलेले आहे.

जुने गंगावन वेणी सोडताच निघून येई. आजही चिमट्यांनी अडकवलेले जोडकेस रात्री काढून ठेवता येतात. परंतु चिकटद्रव्याने डकवलेले, उष्णतेने जोडलेले किंवा घट्ट पेडांवर शिवलेले केस आठवडेच्या आठवडे डोक्यावर राहतात. त्यांचा सारा भार मोजक्या बटांवर पडतो आणि विंचरताना, एवढेच नव्हे, तर झोपेत कूस बदलतानाही मुळांना ओढ बसते. या अखंड ओढीने कूपाभोवती दाह होतो व केस अवेळी सुटून येतात. ओढ दीर्घकाळ चालू राहिली, तर कूपाच्या जागी वण तयार होतो. वैद्यकशास्त्रात या विकारास ‘ट्रॅक्शन ॲलोपेशिया’, म्हणजे ओढीमुळे होणारी केसगळती, असे म्हणतात.

हा विकार केवळ जोडकेसांचा नव्हे. केस घट्ट ओढून बांधणाऱ्या ग्रीनलंडमधील स्त्रियांत तो विसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदला गेला. घट्ट जुडा बांधणाऱ्या शिखांतही तो आढळला आहे. दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन येथे आफ्रिकी वंशाच्या मुली व स्त्रिया यांची पाहणी झाली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार शाळकरी मुलींपैकी शेकडा सुमारे १७, तर प्रौढ स्त्रियांपैकी शेकडा सुमारे ३२ जणींत या विकाराची चिन्हे दिसली. रसायनांनी सरळ केलेल्या केसांवर पेड किंवा जोडकेस चढवल्यास धोका वाढतो, असेही आढळून आले.

सुदैवाने हे संकट न सांगता येत नाही. पहिला इशारा वेदनेचा. केस बांधल्यावर डोके ठणकणे, कपाळाची कातडी ताणल्यासारखी वाटणे, ही मुळांची तक्रारच होय. त्यानंतर मुळाशी लाल पुटकुळ्या येतात. क्वचित त्यांत पूही होतो. पुढे कपाळावरील व कानशिलांजवळील केस विरळ होऊन केसांची रेषा मागे सरते. पुष्कळदा अगदी कडेला बारीक केसांची झालर तेवढी उरते. तीवरून डॉक्टर हा विकार ओळखतात. याशिवाय चिकटद्रव्य न मानवल्यास खाज व पुरळ उठते. ते घाईने ओरबाडून काढल्यास आपलेच केस तुटतात. आणि जोडाखालची त्वचा नीट धुतली न गेल्यास तेथे मळ व कोंडा साचतो.

पहिल्या इशाऱ्यालाच ओढ थांबवली, तर काही महिन्यांत केस बहुधा परत येतात. वण पडल्यावर मात्र तेथे कोणत्याही तेलाने केस उगवत नाही; केशरोपणाची शस्त्रक्रिया हाच काय तो मार्ग उरतो, आणि त्यालाही मर्यादा आहेत.

म्हणून जोडकेस लावायचेच असतील, तर ते हलके असावेत, प्रसंगापुरते असावेत आणि झोपण्यापूर्वी काढावेत. वेणी रोज एकाच जागी आवळू नये. पुटकुळ्या दिसल्या किंवा भांग रुंदावू लागला, तर त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे. घरोघरीच्या मातांनाही आमची एक विनंती आहे. शाळेत नीटनेटके दिसावे म्हणून आपण लेकीच्या वेण्या घट्ट घालता, हे खरे. पण “आई, दुखतंय” असे ती म्हणाली, तर “थोडं सोस” असे न म्हणता वेणी सैल करावी. शिस्त सैल वेणीतही राहते. गेलेले मूळ मात्र पुन्हा रुजत नाही.