आधी डिस्क, मग रिम

सुप्यात चौफुला-बारामती रस्त्याला माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक पिकअपचं नाहीतर उसाच्या ट्रॉलीचं. पण कारखान्याची बिलं जमा झाली की तरुण पोरं हॅचबॅक घेऊन येतात, मोबाईलवर पोर्शचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, “भाऊ, असलीच मोठी रिम टाका.” मी त्यांना आधी एकच विचारतो, “आत डिस्क केवढी आहे?”

स्पोर्ट्स कारचं चाक मोठं असतं त्याचं एक कारण दिसणं, हे खरं. पण मोठं कारण आत लपलेलं असतं. पोर्शची 911 कॅरेरा घ्या, 992 पिढीतली. सुरुवातीच्या साध्या कॅरेराला पुढची डिस्क 330 मिलिमीटरची, आणि चाकं पुढे 19, मागे 20 इंची. जास्त ताकदीच्या कॅरेरा एसला डिस्क 350 ची, तर चाकं 20 आणि 21 इंची. ब्रेक वाढला तसं चाक वाढलं. फॉर्म्युला वनमध्ये 2021 पर्यंत 13 इंची रिम होती, म्हणजे जेमतेम 330 मिलिमीटर. तिच्यात 278 च्या वर डिस्क जात नव्हती. 2022 ला 18 इंची रिम आली आणि पुढची डिस्क 330 पर्यंत गेली.

लांब कशाला जायचं, आपल्या बारामती एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात एप्रिलियाची आरएस 457 ही स्पोर्ट्स बाइक तयार होते. तिची पुढची डिस्क 320 मिलिमीटरची आणि चाक 17 इंची. बाइक हलकी म्हणून तिला पुढे एकच डिस्क पुरते. चारचाकीचा हिशोब वेगळा.

1300 किलोची गाडी ताशी 100 किलोमीटर वेगात असेल, तर ती थांबवताना निघणाऱ्या उष्णतेत दीड लिटर गार पाण्याला उकळी येईल. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट. ही सगळी उष्णता काही सेकंदांत मुख्यतः डिस्कने आणि पॅडने झेलायची असते. डिस्क मोठी असली की पॅड केंद्रापासून लांब धरतं, त्यामुळे तेवढ्याच दाबात जोर जास्त मिळतो. शिवाय लोखंड जास्त असल्याने ती सावकाश तापते.

इथेच बरेच जण फसतात. मोठ्या डिस्कने गाडी लवकर थांबते असं नाही. पायाखालचा ब्रेक जर एबीएस चालू होईपर्यंत दाबता येत असेल, तर पुढचं सगळं टायरच्या पकडीवर आहे. मयूरेश्वर अभयारण्याजवळ चिंकारा अचानक आडवा आला, तर त्या एका ब्रेकला चांगला टायर कामाला येतो. मोठी डिस्क कामाला येते ती पुन्हा पुन्हा ब्रेक लावताना, रेसिंग ट्रॅकवर किंवा सासवडकडून दिवे घाट उतरताना. आणि घाटात तर खालच्या गिअरवर उतरलं की निम्मं काम इंजिनच करतं.

आता रिम. इंचाला 25.4 ने गुणायचं आणि त्यातून डिस्कचा व्यास वजा करायचा. आपल्या गाड्यांत पॅड दाबणाऱ्या कॅलिपरसाठी नव्वद-शंभर मिलिमीटर तरी उरले पाहिजेत. फोक्सवॅगनच्या गाड्यांत 288 ची डिस्क 15 इंचात, 312 ची 16 इंचात बसते, ती याच हिशोबाने. तरी मी कागदावर भरवसा ठेवत नाही. कॅलिपरच्या बाहेरच्या आकाराचा पुठ्ठा कापतो आणि रिमच्या आत फिरवून बघतो. चारी बाजूंनी तीन-चार मिलिमीटर फट हवी, स्पोकच्या बाजूलाही. बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं नेमकी कॅलिपरसमोर आली, तर घासून निघून जातात. हे बसवल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. बोल्टच्या वर्तुळाचं माप (पीसीडी), चाक किती आत-बाहेर बसतं ते (ऑफसेट) आणि मधलं भोक जुळलं पाहिजे, हे वेगळं सांगायला नको.

चाकणला बनलेल्या पोलोचा 185/60 आर15 टायर बघा. 185 म्हणजे रुंदी, तिच्या 60 टक्के म्हणजे 111 मिलिमीटर रबराची उंची. चाकाची एकूण उंची 603. आता 17 इंची रिम टाकायची तर 205/40 चा टायर लागतो. एकूण उंची 596, म्हणजे जवळपास तेवढीच, स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. पण रबर उरतं 82. दिसायला झकास, पण ट्रॉलीला वाट देताना चाक डांबराच्या कडेवरून खाली आपटलं, की हे 29 मिलिमीटर आठवतात. टायरला फुगा येतो नाहीतर रिम बेंड होते. 195/50 आर16 घेतला, तर उंची 601 आणि रबर 97. आमच्या रस्त्यांना माझा कौल यालाच. शिवाय रिम जड असली की सस्पेन्शनला ती उचलायला जड, वेग घ्यायला जड आणि ब्रेकलाही जड.

डिस्क घेताना भोकांच्या मोहात पडू नका. पुढे आत हवा खेळणारी व्हेंटिलेटेड डिस्क असली की बस. भोकं पाडलेल्या डिस्कला तापून-निवून भोकांपाशी बारीक चिरा पडतात. खाचा असलेली जास्त टिकते, पण पॅड लवकर खाते. कार्बन सिरॅमिकच्या डिस्कची किंमत लाखांत जाते. आणि फक्त पुढची डिस्क वाढवली, तर कंपनीने पुढे-मागे वाटलेला जोर बिघडतो. चाकणच्याच व्हर्टस जीटीला 150 पीएसची ताकद असून सुरुवातीला मागे ड्रमच दिले होते. ब्रेक दाबताच वजन पुढच्या चाकांवर येतं, म्हणून ते भागतं.

ब्रेक लावल्यावर स्टेअरिंग थरथरलं की “डिस्क वाकली” म्हणतात. पुष्कळदा ती वाकलेली नसते. पॅडचा थर तिच्यावर कमी-जास्त बसलेला असतो. लेथवर फेस मारण्याआधी डिस्कवर कोरलेली कमीत कमी जाडी वाचा. डिस्क तिच्या खाली गेली असेल तर नवीनच घ्या.

पैसे मोजके असतील तर आधी चांगले टायर घ्या. मग पॅड, आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल. डॉट 4 चं ऑईल नवं असताना 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा शोषत गेलं की ती मर्यादा 155 पर्यंत उतरते. एवढं करूनही ब्रेक तापून पाय खोल जात असेल, तर डिस्क मोठी करा. आणि ती जुन्या रिममध्ये मावत नसेल तेव्हाच मोठ्या रिमचं बोलू. दुकान माझं असलं तरी.